कुंदाबाईंच्या आरशावरची हिरवी टिकली

गुरुवारी दुपारी कुंदाबाईंचा फोन आला. "मंगला, शनिवारी ये. तुह्या हिरव्या टिकलीचं बोलाचं हाय." मी म्हटलं, आत्ताच सांगा ना. "फोनवर नाई. समोर बसून पाहू." आणि शुक्रवारी सकाळी त्यांचे यजमान भास्करभाऊ यांचा फोन... कुंदाबाईंच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या मूल गावाहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत मी रडले, ते खरं. पण रडता रडता डोक्यात एकच घोळत होतं, टिकलीचं काय सांगायचं होतं? त्याची लाज मला आजही वाटते.

माझ्या जुन्या स्नेही कुंदाबाई चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कोळशाचे नमुने तपासायच्या. निवृत्तीनंतर वसाहतीबाहेर घर बांधलं आणि तपासायची खोड शेअर बाजाराकडे वळवली. बाजारातला पैसा आज बँकांत, उद्या गाड्यांत, परवा सिमेंटमध्ये असा फिरत असतो. तो कुठून निघाला आणि कुठे चालला, एवढंच त्या बघायच्या. त्यासाठी कपाटाच्या आरशाचे चार भाग पाडले होते. डावीकडे खाली मागे पडलेले उद्योग, त्यांच्यावर सावरणारे. उजवीकडे वर पळणारे, त्यांच्याखाली दमलेले. प्रत्येक उद्योगाची एका रंगाची टिकली. दर शनिवारी आठवड्याचे आकडे पाहून टिकल्या सरकवायच्या. बिचारे भास्करभाऊ दाढीसाठी मोरीतल्या फुटक्या आरशावर भागवायचे.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हाचे पैसे आमच्या मूलच्या घरावर स्लॅब टाकायला ठेवले होते. तोवर ते विजेच्या कंपन्यांत घालावेत असं माझं म्हणणं. त्यांच्या घरासमोर वीजकेंद्राच्या चिमण्या धूर ओकताहेत, कोळशाच्या गाड्या थांबत नाहीत, आणखी काय पुरावा हवा? कुंदाबाई हसल्या. "आपल्याकडचे सारे असेच फसतेत. धूर दिसते म्हणून पैसाबी तिथीच हाय असं वाटते. विजेची टिकली पाह्य, दमून राह्यली." आणि त्यांनी सावरणाऱ्यांतली हिरवी टिकली दाखवली, औषध कंपन्यांची. मी सगळे पैसे तसल्या फंडात टाकले. घरी ह्यांना मात्र सांगितलं, बँकेत ठेवलेत.

टिकली उजवीकडे गेली, पैसे वाढले आणि माझी धाकधूकही. काढू का, असं मी दर आठवड्याला विचारायचे, त्या थांब म्हणायच्या. आत कधी शिरायचं ते त्यांनी सांगितलं होतं. बाहेर कधी पडायचं ते सांगायच्या आत त्या गेल्या. तेराव्यानंतर औषधांचे भाव रोज थोडे थोडे उतरू लागले. इकडे ह्यांनी गवंड्याला निरोपही धाडला. मी मोरीत दार लावून मोबाइलवर आकडा बघायचे. खरं सांगते, कुंदाबाईंवर चिडायचे. अहो, फोनवर दोन शब्द बोलायला काय झालं होतं...

पाचव्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. भास्करभाऊंनी आरशाला हात लावला नव्हता. हिरवी टिकली पळणाऱ्यांत होती. जवळून पाहिलं, तर पळणारे आणि दमलेले यांच्यामधल्या रेषेच्या वर-खाली गोंदाचे सात-आठ डाग. लावलेली, काढलेली, पुन्हा लावलेली.

"शेवटी शेवटी रोज हेच करून राह्यली होती," भास्करभाऊ म्हणाले. "म्या म्हटलं, काऊन एवढा घोर लावून घेते? तं म्हणे, माह्या शब्दावर मंगलाची स्लॅब हाय. मलेच समजून नाई राह्यलं, तिले काय सांगू?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. ज्या उत्तरासाठी मी पाच आठवडे त्यांना बोल लावत होते, ते त्यांच्याकडेही नव्हतं. समोर बसवून त्या मला तेवढंच सांगणार होत्या.

"आता तुमीच लावा," भास्करभाऊ म्हणाले.

उद्या ह्यांना सगळं सांगायचं आणि सोमवारी पैसे काढायचे, असं ठरवून मी टिकली नखाने सोडवली आणि दमलेल्यांत लावली. आरशात, त्या डागांच्या मागे, माझा घाबरलेला चेहरा दिसत होता. कुंदाबाईंनीही टिकली सरकवताना रोज स्वतःचा असाच चेहरा पाहिला असेल, आणि मी आले की बाहेर येऊन हसत माझ्यापुढे चहा ठेवला असेल.