वन्संची सायकल आणि भाट्याची ओहोटी

विशीत मी एक सायकल समुद्राला देऊन टाकली. तीही थोरल्या नणंदेची, आमच्या वन्संची. नव्या नवरीच्या तोऱ्यात त्यांच्याकडे रत्नागिरीला गेले होते. भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत सायकल उभी केली, कुलूप लावलं आणि शहाळं प्यायला वर गेले. आमच्या होटगीच्या तलावाचं पाणी एकदा मागं सरलं की पुढच्या पावसाळ्याशिवाय परतत नाही. लोक तिथं काकड्या लावतात. समुद्र रोज परततो, हे त्या दीडशहाणीला कोण सांगणार! दोन-तीन तासांनी येऊन बघते तर नुसत्या लाटा.

"चोरीला गेली," असं घरी ठोकून दिलं आणि सकाळच्या एस.टी.नं सोलापूरला पळाले. पुन्हा तिकडं फिरकले नाही. दर दिवाळीला मात्र वन्संना एक सोलापुरी चादर पाठवत राहिले.

आता वन्सं ऐंशीच्या. उद्या मुलाकडे बंगळुरूला निघाल्या, कायमच्या. आज कबूल केलं नाही तर राहिलंच. म्हणून सत्तरीत रत्नागिरीत उतरले आणि लॉजवाल्याची सायकल मागून घेतली. रिक्षानं लगेच पोचले असते; तेच तर नको होतं.

उगाच मांडवीला वळले. जेटीवर बसवेना. टपरीवर घावन (तांदळाचं जाळीदार धिरडं) घेतलं, अर्धं टाकून उठले. पुढं घाटी (तीव्र उतार) लागली आणि साडी चेनमध्ये अडकली. मासळीची पाटी घेतलेली एक बाई धावली.

"आजी, या वयात मरायची घाई काय?"

"मरायची न्हाय गं, बोलायची हाय!"

हसत तिनं साडी सोडवली. काठाला वंगणाचा पट्टा घेऊन मी भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला. खाली ओहोटी, होड्या चिखलात कलंडलेल्या.

वन्संच्या अंगणात सायकल माडाला टेकवली. वन्सं ट्रंक भरत होत्या. वर माझ्याच चादरी. मी दारातूनच एका दमात सगळं ओकले.

परतीच्या एस.टी.त मला एकाच गोष्टीचं हसू येत होतं: आयुष्यभर समजत होते, फसवलं मी. वन्सं बोलल्या ते जसंच्या तसं देते:

"मालन, तू गेलीस त्याच दुपारी ओहोटीला सायकल सापडली की, कुलपासकट. बारा वर्षं चालवली मी. तुला कळवणारच होते, पण तुझी पहिली चादर आली. लई गुणाची निघाली. म्हटलं, आता कशाला सांगायचं?"