कॉफी ब्राउनवर पावडर

"मास्टर, हा रंग आपला न्हाय," शेट म्हणाले.

टेबलावर दोन टॉवेल होते. एक ग्राहकानं आणलेला नमुना, दुसरा आम्ही रंगवलेल्या लॉटमधला. नमुना अस्सल कॉफी ब्राउन. आमच्या कॉफीत दूध जास्त पडलेलं. संध्याकाळपर्यंत ग्राहक लॉट नाकारणार होता आणि शेट मला.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाइंग मास्टर आहे, म्हणजे टॉवेल रंगवणाऱ्या खात्याचा प्रमुख. ग्राहकानं पास केलेल्या रंगाचा एक तुकडा आमच्याकडे असतो. त्याला स्टँडर्ड म्हणतात. लॉटचा रंग त्याच्याशी जुळवायचा. मी डोळ्यांत तेल घालून जुळवला होता, तेव्हा चूक माझी असणं शक्यच नव्हतं. मी आधी रंग पुरवणाऱ्याला दोष दिला, मग बोअरच्या पाण्याला. शेवटी म्हणालो, स्टँडर्डचाच रंग कच्चा आहे, तो उतरलाय. सिद्ध करायला सगळ्यांसमोर तुकडा बादलीत बुडवला.

पाणी तपकिरी व्हायला हवं होतं. ते दुधाळ झालं आणि चंदनाच्या पावडरचा वास सुटला. तुकडा वाळवला, तर हुबेहूब ग्राहकाचा नमुना.

मग मला आठवलं. ग्राहक पहिल्यांदा आला, तेव्हा केबिनमध्ये जाण्याआधी मी तोंडाला पावडर लावली होती. घामानं तिचे ओघळ झाले, म्हणून हातात होतं त्यानं तोंड पुसलं. हातात स्टँडर्ड होता.

ही सवय शाळेपासूनची. घरात साबण संपलेला असायचा, पण आई पावडरचा डबा कुठून तरी पैदा करायची आणि माझ्या तोंडावर थापायची. गुरुजी मला काळ्या म्हणायचे. आडनाव आणि वस्ती कळल्यावर तेवढीही हाक मारेनात. आईला वाटायचं, पोरगं जरा उजळ दिसलं तर जवळ बसवतील. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला तरी मला अजून तसंच वाटतं.

"शेट, ही माझ्या तोंडाची पावडर."

"तोंडाला कशाला?"

"ग्राहक येणार असला की लावतो. लई काळा दिसतो म्हणून."

चुकीपेक्षा हे बोलायचीच लाज वाटली. शेट माझ्याहून एक शेड गडद आहेत. त्यांनी वाळलेला तुकडा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "ती लाज मला बी म्हाईत हाय. आता लॉट वाचवा."

लॉट वाचला. फिकट कापड पुन्हा रंगात घातलं की गडद होतं. उलटं असतं तर अवघड होतं. गडद कापड उजळ करायला गेलं की जहाल केमिकल लागतं आणि रंगाच्या आधी कापडच विरायला लागतं. हे मी खात्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत आलोय, तोंडाला पावडर लावून.