दोन वाट्या आणि वांगी

परतूरला आमच्या शेजारी रेल्वेतले एक कारकून राहत. बोलताना कानामागची पेन्सिल काढायचे आणि पुन्हा तिथंच खोचायचे. पोरांनी काही विचारलं तर कधी सरळ उत्तर द्यायचे नाहीत. "आधी काय होईल ते सांगा. मंग करून बघा. चुकलं तर चुकलं म्हणा, त्यात लाज न्हाई."

त्या सूर्यग्रहणाला त्यांनी त्यांच्या आणि माझ्या पोरींना ओट्यावर बसवलं. दोन वाट्यांत दूध ओतलं आणि एकीतच तुळशीपान टाकलं. "बाकी सगळं बराबर सारखं पाहिजे. मंगच कळंल, पानानं दूध टिकतं का."

मला सातवा महिना होता. ग्रहणात पोटुशीनं काही चिरलं तर लेकराचा ओठ फाटतो, असं सासूबाई म्हणत. त्या देवापाशी जप करत होत्या. कारकुनांचं बोलणं ऐकून मला धीर आला. मी विळी घेतली आणि भरायच्या वांग्यांना चिरा देऊ लागले.

ऊन फिकं पडलं. समोरच्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसायचं. त्यांच्या बायकोलाही दिवस गेले होते. तीही विळीवर बसली होती. ते आत आले, तिच्या हातून विळी काढून घेतली आणि उंच फळीवर ठेवली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही न्हाई. अंधारून आलंय, बोट कापंल."

पेन्सिल खोचत ते बाहेर गेले. माझ्या पुढ्यातल्या ताटात चिरलेली वांगी होती. ओट्यावरून त्यांचा नेहमीचा आवाज आला, "हां, आता सांगा. काय होईल?"