मामीचं नाटक

नवरदेवाचे जोडे मेव्हण्या लपवतात. आमच्या मामीच्या लग्नात ते खुद्द नवरीनंच लपवले होते. मामा अनवाणी घरी आले आणि तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य ठरलं, "पुरे कर वं तुहे नाटकं!"

मामा कोष्टी. नागपूरच्या महाल वस्तीतल्या त्यांच्या घरी हातमागाचा खटखटाट मध्येच थांबला की आम्ही ओळखायचो, मामीनं आडवा धागा नेणारा धोटा पळवला. तो पिठाच्या डब्यात खुपसून ती मामांबरोबर घरभर शोधायची. वर "नीट ठेवत काहून नाही जी?" असा दमही भरायची. मी तिची लाडकी भाची, त्यामुळे कटात कायम सामील.

ऐंशी सालच्या सुमारास धोटा रोजच हरवू लागला. विचारलं तर मामी म्हणे, "मी नाही ठेवला पोरी, तुही आन." मामा भडकायचे, मी हसायचे. जन्मभर थट्टा केलेल्या बाईच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार?

एकदा ती आपल्याच गल्लीत घर विसरली, तेव्हा तिला सीताबर्डीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"इतके शिकले तुमी, अन् वार मले इचारता?"

"बरं, हे कोण?"

मामांकडे पाहत ती म्हणाली, "यायलेच इचारा. मी सांगतलं तं लाजतीन."

डॉक्टर पोट धरून हसले. "ठणठणीत आहेत," म्हणत त्यांनी टॉनिक लिहून दिलं. परतताना सायकलरिक्षात मामा तिच्याशी भांडले.

दोन वर्षांनी माझ्या मुंबईच्या नणंदेचं पत्र आलं. तिच्या सासूचंही असंच चाललं होतं. पण तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तासभर घरच्यांनाच प्रश्न विचारले आणि आजाराचं नाव सांगितलं, स्मृतिभ्रंश. औषध नाही, पण वागायचं कसं ते शिकवलं. वाद घालू नका, रागावू नका, त्या म्हणतील त्यात सामील व्हा. मुंबईत ज्याला आजार म्हणतात, त्याला आम्ही नागपुरात नाटक म्हणत होतो. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

पत्र मामांना वाचून दाखवलं. ते मागावरून उठले. "दोन वर्सं मी तिले बोलून राहिलो," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मामी स्वयंपाकघरातून आली. मामांना पाहून तिनं पदर सावरला. "तुमी कोन जी?"

मामांचा चेहरा कसनुसा झाला. मग म्हणाले, "पाव्हना आहो, बाई."

"मंग उभे काहून? बसा. आमचे हे येतीनच आता. जराशे चिडके हायेत, पन मानूस लाख मोलाचा."

मामा चटईच्या कडेला बसले. "येऊ द्या," म्हणाले, "मी थांबतो."