धाकूकाका हलले नव्हते

भांडुपच्या एका चाळीखाली जयवंत परबाचा छोटा फोटो स्टुडिओ होता आणि एक सेकंडहँड जर्मन कॅमेरा हीच काय ती त्याची इस्टेट. कॅमेरा घेतला त्याच दिवशी त्याने लेन्सवर यूव्ही फिल्टर बसवला. साधी काच, पण ओरखडा आला तर तिला येईल, लेन्सला नाही. मग ती काच तो बिनधास्त शर्टाच्या टोकाने पुसायचा.

मुलुंडचा चंद्रप्रकाश त्याच धंद्यातला. तो टोकायचा, "अरे, सूर्य समोर असला की फिल्टर काढत जा. जास्तीची काच उजेड परत फेकते, फोटोत डाग येतो. आणि तुझी तर घासून घासून पार आंधळी झालीय."

"लेन्सची वाट लागली तर नवी तू देणार?" जयवंत म्हणायचा.

एकाहत्तरच्या मे महिन्यात मढच्या कोळीवाड्यात कमळ नावाच्या मुलीचं लग्न होतं. फोटो काढायला जयवंत वर्सोव्याहून खाडी ओलांडून तरीने गेला. वाटेत खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले, त्याने काच शर्टाला पुसली आणि फिल्टरला मनातल्या मनात शाबासकी दिली.

संध्याकाळी नवरीची आई सरूबाई म्हणाली, "आमच्या होडीसमोर सगल्यांचा एक फोटू काढ." कमळचा बाप धाकू आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभा राहत होता. नवा सदरा, डोक्याला लाल रुमाल. सूर्य होडीच्या मागे टेकला होता. जयवंतच्या कॅमेऱ्यात वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालच्या लेन्समधून फोटो निघायचा. फिल्टर खालच्या लेन्सवर. वर सगळं झकास दिसत होतं.

फोटो धुतला तेव्हा सगळ्यांवर धुकं होतं आणि धाकूच्या चेहऱ्याच्या जागी गोल पांढरा डाग. जयवंतने फिल्टर काढून दिव्यासमोर धरला. काचेवर मिठाचे फराटे होते. काय झालं ते त्याला तिथेच कळलं.

अल्बम द्यायला तो मढला गेला. सरूबाईने फोटो पाहिला आणि विचारलं, "यांचा तोंड कुठं गेला?"

जयवंतच्या तोंडून निघून गेलं, "काका हलले, मावशी. हललं की असं होतं."

धाकू शेजारीच बसला होता. तो ओशाळून हसला. "हाललो असन. मना काय कलतंय फोटूतला?"

धाकू म्हणजे वादळात होडी घालणारा माणूस, त्याने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, असं परतताना जयवंतला वाटत राहिलं.

चार वर्षांनी कमळच्या मुलाच्या बारशाला त्याला पुन्हा बोलावणं आलं. तो टाळणार होता, पण गेला. फोटोसाठी सगळे जमले तसा धाकू उठून अंगणाच्या टोकाला गेला.

"काका, या ना," जयवंतने हाक मारली.

"मना नको. मी हालतो. पोरीच्या लग्नाचा फोटू नासवला, आता नातवाचा कशाला?"

कमळ हसत म्हणाली, "बाबा कोणाच्याच फोटोत येत नाहीत आता. शेजारच्या लग्नातसुद्धा लांब उभे असतात."

जयवंतचे कान तापले. कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून तो धाकूसमोर गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, तुम्ही हलला नव्हता. माझ्या काचेवर खार बसला होता. ती काढून ठेवायला हवी होती, मित्राने सांगितलंही होतं. मला हे तेव्हाच माहीत होतं. लाज वाटली म्हणून तुमच्यावर ढकललं."

सरूबाई कडाडली, "मेल्या, चार वर्सं आमी यांना हसलो!"

"मंग तवाच बोलायचा व्हता रे," धाकू मात्र एवढंच हळू म्हणाला. जयवंतला सरूबाईच्या ओरडण्यापेक्षा हे जास्त लागलं.

त्याने फिल्टर काढून खिशात टाकला. धाकू नातवाला घेऊन खुर्चीवर बसला.

फोटो स्वच्छ आला. बाळाच्या दंडावरचा काळा दोरासुद्धा दिसत होता. पण हलायच्या भीतीने धाकूने श्वास रोखून धरला होता. मानेच्या शिरा ताठ, डोळे घाबरलेले. सगळे म्हणाले, फोटो छान आहे. जयवंतने त्याची मोठी प्रत करून फुकट दिली, पण एरवी चांगले फोटो लावायचा तसा स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावायला एक जास्तीची काढावी, असं त्याच्या मनात आलं नाही.