अमेरिकेचा फोटो घेऊन सांगलीला

सकाळी सव्वासातच्या एस.टी.नं सातारा सोडलं. कुठं निघालात म्हणून विचारणारं घरात कुणी नाही, हे एका अर्थी बरंच झालं. अमेरिकेतल्या मेलेल्या माणसांचे फोटो घेऊन सांगलीला चाललोय, हे कुणाला आणि कसं सांगणार?

पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळालेलं. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका. रेल्वेची इंजिनं, सूतगिरण्या, गिरणीच्या दारात डबा खाणाऱ्या बायका. एका पानावर फौंड्रीतले (लोखंड ओतायच्या कारखान्यातले) तीसेक कामगार ओळीनं उभे. माझे वडील सांगलीला फौंड्रीतच होते. मी दीड वर्षाचा असताना गेले. त्यांचा फोटो एकही नाही. या पानावरच्या, हाताची घडी घातलेल्या एका गोऱ्याला गेले सहा महिने मी मनातल्या मनात बाबा म्हणतोय. वय सहासष्ट. वेडेपणाला वय नसतं म्हणा.

उंब्रजजवळ गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. शेजारचे गृहस्थ पुस्तकात डोकावले.

"तुमचं कोण हाय व्हय अमेरिकेत?"

"नाही हो," म्हणालो आणि पुस्तक मिटलं.

त्यांनी डब्यातली भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) पुढं केला. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं, ते सोयीचंच झालं.

सांगलीत रिक्षावाल्यानं भलत्याच गल्लीत सोडलं. उस्मानचाचांचं घर सापडेपर्यंत उन्हानं जीव मेटाकुटीला आला. वडिलांबरोबर काम केलेले हे एवढेच उरलेत, नव्वदीला टेकलेले. त्यांच्या सुनेनं चहा आणि भडंग (फोडणीचे तिखट चुरमुरे) पुढं ठेवलं. मी पान उघडलं.

"चाचा, यातला कोण बाबांसारखा दिसतो?"

चाचांनी भिंग लावलं. माणसं सोडून आधी जमीनच बघितली.

"वाळू, साच्याच्या पेट्या... समदं आपल्यावानीच हाय की. तोंडावरची काजळी बी तशीच." मग बोट माझ्या घडीवाल्यावरून खुशाल पुढं सरकलं. "ह्यात न्हाई रं कोण. तुझा बाप लय काटकुळा." भिंग खाली ठेवत म्हणाले, "आमचा बी काढलाता की असाच."

त्यांनी ट्रंकेतून फोटो काढला. अठरा माणसं. मी भिंग उचललं.

"यातले कुठले?"

"त्यो न्हाई त्यात. साहेबानं लय सांगितलं, उद्या फोटो हाय, थांब. तर म्हणला, फोटो काय परत निघंल. पोराचं बारसं हाय, अजून त्याचं तोंड बघितलं न्हाई."

"कुठल्या पोराचं?" मी विचारलं. उगाच. मी एकुलता एक.

"तुझंच की, बाळा."

पुस्तक चाचांकडंच ठेवलं. त्या गोऱ्याकडं आता माझं काही काम उरलं नाही.

परतीच्या गाडीत शेजारची जागा साताऱ्यापर्यंत रिकामी होती. मी मोकळेपणानं रडून घेतलं. साठ वर्षं मी या माणसावर रुसलो होतो, की पोरासाठी एक फोटो काढून ठेवायला काय झालं होतं? कुणी विचारलं की मान खाली घालून सांगायचो, वडिलांचा फोटो नाही.

आता मान वर करून सांगेन. फोटोच्या दिवशी ते मला बघायला गेले होते.