ओटीपी त्यांच्या फोनवर

गणपती नुकतेच गेले होते. रविवारी दुपारी बारा वाजता तिकीटविक्री सुरू होणार होती आणि आमची लेक सकाळी नऊपासूनच लॅपटॉप उघडून बसली होती. ती तेव्हा अकरावीत होती. तिचा आवडता परदेशी बँड भारतात येणार होता, आणि तोही आमच्या नेरुळच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर असलेल्या स्टेडियममध्ये. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

खरं सांगायचं तर, जायचं मलाही होतं.

माझं माहेर करावे गावातलं. खाडीवर जाळी टाकणाऱ्यांच्या घरात वाढले. आमच्याकडे गाणी म्हणजे हळदीच्या रात्रीची आणि लाऊडस्पीकरवरची. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध आला तो लेकीमुळे. तिच्या दहावीच्या वर्षी मी तिला रोज रिक्षाने क्लासला सोडायचे. एक दिवस तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि म्हणाली, "आई, हे ऐक. बोलू नकोस, फक्त ऐक." शब्द मला अर्धेच कळले. पण त्या गायकाचा आवाज ऐकून मी तिला ते पुन्हा लावायला सांगितलं. नंतर तो नेमच झाला. एक इअरफोन तिचा, एक माझा. ती मध्ये मध्ये अर्थ सांगायची. मी वाशीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. पेशंटच्या दंडाला पट्टा बांधताना ती गाणी माझ्या तोंडात यायला लागली. एकदा मार्केटमधला एक माथाडी हसून म्हणाला, "मॅडम, सुई टोचताना गाना गाता तुम्ही?"

घरात मात्र मी एवढंच सांगितलं की पोरीची फार इच्छा आहे, तिच्यासोबत कुणी मोठं हवं, म्हणून मी जाईन. त्रेचाळिसाव्या वर्षी मला स्वतःला जायचंय हे म्हणायची लाज वाटली.

माझे मिस्टर साताऱ्याकडचे. उरणला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत. आवाज चढवणारा माणूस नाही. लग्नाच्या अठरा वर्षांत हात उगारणं सोडाच, माझ्यावर कधी डोळेसुद्धा वटारले नव्हते. माहेरी सगळ्या म्हणायच्या, तुला देवमाणूस मिळाला. तिकिटांचं विचारलं तेव्हाही ते शांतपणे म्हणाले, "घ्या की. मिळाली तर जा."

त्या रविवारी त्यांची ड्युटी होती. निघताना मी म्हटलं, "अहो, आज फोन जवळ ठेवा. ओटीपी तुमच्याकडेच येणार."

"हो, हो," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

माझं बँक खातं लग्नानंतर त्यांनीच उघडून दिलं होतं. तेव्हा माझ्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून फॉर्मवर त्यांचा नंबर गेला. पुढे मोबाइल आला, दोन-तीन बदलूनही झाले, पण खात्यावरचा नंबर तोच राहिला. माझा पगार जमा झाला की मला ते सांगायचे. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. वाटलं असेल तर मी ते मनावर घेतलं नाही.

बारा वाजले. लेकीचा लॅपटॉप, तिचा फोन, माझा फोन, तिन्हीकडे एकच पान. आधी ते उघडेचना. मग उघडलं आणि आम्हाला रांगेतला नंबर दिला. लॅपटॉपवर सहा आकडी, तिच्या फोनवरही सहा आकडी. माझ्या जुन्या, काचेला तडा गेलेल्या फोनवर मात्र पाच आकडी नंबर आला. लेक किंचाळलीच. "आई, याला हात लावू नकोस! लॉक होऊ देऊ नकोस!"

मग आम्ही बसलो. फोन चार्जरला लावून मधे ठेवला आणि दोघी आळीपाळीने स्क्रीनला बोट लावत राहिलो. मासळी आणून ठेवली होती, ती तशीच राहिली. वरणभात लावला आणि तिथेच ताट घेऊन खाल्लं. तिच्या ग्रुपवर मेसेज येत होते. एकीचं पान हँग झालं. एक आत पोचली आणि बाहेर फेकली गेली. एकाच्या घरी सहा जण सहा फोन घेऊन बसले होते आणि कुणालाच काही मिळालं नव्हतं. आमचा आकडा मात्र उतरत होता. दोन वाजता चार आकड्यांवर आला, तेव्हा लेक माझ्या खांद्याला टेकून बसली. मोठी झाल्यापासून ती अशी टेकली नव्हती.

साडेतीनच्या सुमारास पान बदललं आणि स्टेडियमचा नकाशा आला. जवळजवळ सगळे स्टँड करडे पडले होते, म्हणजे संपलेले. सगळ्यात वरच्या एका स्टँडमध्ये जागा दिसत होत्या. लेकीने लगेच दोन निवडल्या. दोन जागा आमच्या नावावर धरल्या गेल्या आणि वर कोपऱ्यात मिनिटं उलटी मोजायला सुरुवात झाली.

खात्यावर त्यांचा नंबर, त्यामुळे यूपीआय माझ्या फोनवर चालत नव्हतं. मी कार्ड काढलं. लेकीने नंबर वाचले, मी टाकले. ओटीपी पाठवला आहे, असं आलं.

लेकीच्या फोनवरून मी त्यांना फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. लेकीने भराभर मेसेज टाकला, 'बाबा ओटीपी पाठवा प्लीज'. त्याच्यासमोर दोन खुणा आल्या आणि बघता बघता निळ्या झाल्या.

"बघितला! बाबांनी बघितला!" ती उड्या मारायला लागली. आम्ही दोघी त्या निळ्या खुणांखाली उत्तर उमटायची वाट बघत राहिलो. दोन मिनिटं उरली. मी तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी दोनदा वाजला आणि कट झाला.

मिनिटं संपली. पान आपोआप मागे गेलं आणि रांगेतला नवा नंबर आला, सात आकडी.

लेक रडली नाही. लॅपटॉप मिटून म्हणाली, "त्यांनी कट केला, आई."

"कामात असतील गं. यार्डात किती आवाज असतो."

"वाचला त्यांनी मेसेज."

"चुकून उघडला असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी ओट्यापाशी उभी राहून मासळी साफ केली. संध्याकाळी ते आले, चहा घेताना म्हणाले, "काय, मिळाली का?" मी नाही म्हटलं. "अरेरे. क्रेनच्या आवाजात काही कळलंच नाही बघ," म्हणाले आणि टीव्ही लावला. मी विश्वास ठेवला. ठेवायचाच असं ठरवून ठेवला.

सोमवारी सकाळी ते अंघोळीला गेले होते. त्यांचा फोन डायनिंग टेबलवर होता. त्याचा पॅटर्न घरात सगळ्यांना माहीत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा फोन चोरून उघडला. बँकेचा मेसेज वाचलेला होता. त्यानंतर काही मिनिटांनीच त्यांनी साताऱ्याच्या धाकट्या भावाला लिहिलं होतं, 'तुझ्या वहिनीला या वयात कॉन्सर्टला जायचंय, ओटीपी मागतेय.' पुढे हसणारे चेहरे. दिरांनी विचारलं होतं, 'मग, दिला का ओटीपी?' त्यावर यांचं उत्तर होतं, 'गप्प बसलो. दोन दिवसांत विसरेल.'

मी फोन होता तसा ठेवला. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. डबे भरायचे होते, ते भरले. ते टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काल ओटीपी आला होता ना?"

ते थांबले. या वेळी खोटं बोलले नाहीत, हे त्यांचं मला सांगायला हवं. "आला होता," म्हणाले.

"मग?"

"अगं, त्या गर्दीत पोरीला घेऊन जाणार तू. काही झालं असतं तर? आणि एवढे पैसे दोन तासांसाठी?"

"मग नाही म्हणायचं होतं. आधीच."

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही दोघी तोंड पाडून बसल्या असता. वाद झाला असता. हे बरं नाही का? प्रयत्न केला, नाही मिळालं. कुणाला दोष नाही."

हे ते अगदी मायेने बोलले. आपण बायकोचं मन जपलं असंच त्यांना वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना मला एक जुनी गोष्ट आठवली. लेक चार वर्षांची असताना सरकारी इस्पितळात टेक्निशियनची जागा निघाली होती. मी फॉर्म भरला होता आणि पोस्टात टाकायला यांच्याकडे दिला होता. कॉल कधी आलाच नाही. आपली लायकीच नाही, असं मी किती वर्षं धरून चालले होते. ओट्याला टेकून मी उभी राहिले. 'तो फॉर्म टाकला होता का हो?' एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. टाकला नव्हता असं ते म्हणाले, तर नंतर त्याच घरात राहायचं कसं, ते मला कळत नाही.

लेक कॉलेजची बॅग घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. वडिलांकडे न बघता ती दाराबाहेर पडली. जिन्यात मी तिच्या मागे धावले, तेव्हा वळून मला म्हणाली, "पगार तुझा, कार्ड तुझं, आणि नंबर त्यांचा? इतकी वर्षं? असं कसं गं, आई?"

ती खाली उतरून गेली. तिचा राग त्यांच्यावर नव्हता, माझ्यावर होता, हे मला तिथे जिन्यात उभं राहून उमगलं.

त्याच आठवड्यात मी अर्धी रजा टाकून बँकेत गेले. काउंटरवरचा माणूस फॉर्म बघून म्हणाला, "मिस्टरांना सांगितलंय ना, मॅडम? नंतर लोक भांडायला येतात." मी म्हटलं, "खातं माझं आहे." आवाज जरा मोठाच निघाला असावा, मागची बाई दचकली. पुढच्या पगाराला ते जेवताना म्हणाले, "या महिन्यात मेसेज नाही आला तुझ्या पगाराचा." मी म्हटलं, "आता माझ्याकडे येतो." त्यांनी आमटी वाढून घेतली, जेवण संपवलं. त्या दिवसापासून आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं. दुधाचं, गॅसचं, सोसायटीच्या मीटिंगचं. भांडण असं झालंच नाही.

रिक्षात लेक आता दोन्ही इअरफोन स्वतःच्या कानात घालायची. पुढे पुढे ती गाणीही तिने सोडली. दुसरंच काहीतरी ऐकायची. मी एकदा विचारलं, "काय ऐकतेस?" ती म्हणाली, "तुला नाही आवडणार."

जानेवारीत ते शो झाले. संध्याकाळी लॅबमधून परतताना बस अलीकडेच थांबवली. रस्ते बंद होते. मी गर्दीतून चालत निघाले. पोरं, पोरी, माझ्या वयाच्या बायकासुद्धा, गालांवर चमकी लावून, हसत, घाई करत. मी घडी केलेला पांढरा कोट हातावर टाकून त्यांच्या उलट दिशेने चालत होते. एका मुलीने विचारलं, "काकू, दोन नंबरचं गेट कुठे?" मी हात करून दाखवलं.

घरी आले तर खिडक्या बंद होत्या. लेक तिच्या खोलीत होती. ते टीव्हीसमोर बसले होते. थोड्या वेळाने खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. सुरुवातीला नुसते ठोके, मग तो आवाज. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, खिडकी उघडली आणि हसून म्हणाले, "बघ, फुकटात घरबसल्या ऐकायला मिळालं की नाही?"

मी चप्पल घातली आणि माहेरी गेले.

करावे गावात आमच्या घराच्या गच्चीवर खुर्च्या टाकून अख्खी आळी बसली होती. मुलं नाचत होती. वारा फिरला की गाणं स्पष्ट यायचं, नाहीतर नुसती धडधड. आई कठड्याशी बसली होती. मला एकटीला बघून म्हणाली, "पोरीला नाय आनलीस?" तिच्या शेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं. ओटीपी म्हणजे काय ते तिला समजवावं लागलं. तिने जन्मभर बेलापूरच्या बाजारात मासळी विकली. अक्षरओळख नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माजी पैशाची पिशवी मी तुज्या बापाच्या हातात कदी दिली नाय. कमरेला बांदून निजायची. तू तर शिकलेली हाय ना गो?"

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मी मान खाली घातली. समोर आकाशात रंगीत उजेड फिरत होता आणि हजारो माणसं एका सुरात ओरडत होती. रिक्षातलं ते पहिलं गाणं सुरू झालं, मला ओळखता आलं. पण ऐकावंसं वाटलं नाही. मी गाणं संपायच्या आत उठले.

घरी लेकीने दार उघडलं. "आजीकडे होतीस?"

"हो."

"कसं वाटलं?"

"लांबून काही कळत नाही," मी म्हटलं. ती पुढे काहीतरी बोलेल असं वाटलं. मग ती वळली आणि आपल्या खोलीत गेली.

बारावीनंतर तिने पुण्याचं कॉलेज निवडलं. मुंबईतल्या दोन कॉलेजांत नंबर लागत असताना. अॅडमिशनचे सगळे फॉर्म तिने स्वतः भरले, आणि पालकांच्या फोन नंबरच्या रकान्यात माझा नंबर टाकला. मला बरं वाटलं, म्हणून मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तसं काही नाही, आई. एकच नंबर मागितला होता." आता रविवारी तिचा फोन येतो. दहा मिनिटं बोलते. जेवलीस का, तब्येत कशी, परीक्षा कधी. मग ती म्हणते, "चल, ठेवते." आणि मी म्हणते, "बाबांशी बोलतेस?" ती म्हणते, "नंतर."